शहागडहून विद्यापीठाकडे



शहागड हें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं एस. टी.च्या खिडकींतून पाहिलें असेल. छत्रपति संभाजीनगरहून बीडकडे जातांना गोदावरीवरचा लांब पूल लागतो. पुलाच्या अलीकडे जालना जिल्ह्यांतील अंबड तालुक्याचें हें आमचें गांव, आणि पूल ओलांडला कीं बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका सुरू होतो. गाडी येथें घटकाभर थांबते, उतारू चहा घेतात, आणि पुन्हां मार्गाला लागतात. सडक तशीच दक्षिणेला बीड, धाराशिव, तुळजापूर करीत सोलापुरास जाते.

आजचा विषय आहे, अनेक परिसर असलेलें सरकारी विद्यापीठ. तो मीं एका सडकेपासून सुरू केला याला कारण आहे. या सडकेच्या उत्तरेच्या टोकाला, संभाजीनगरच्या लेण्यांच्या डोंगराखालीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा मुख्य परिसर आहे. आणि याच सडकेनें दक्षिणेला गेलें म्हणजे धाराशिव येथें त्याच विद्यापीठाचा उपपरिसर लागतो. एका विद्यापीठाचीं दोन घरें एकाच रस्त्यावर आहेत आणि शहागड त्या रस्त्यावरच वसलें आहे. असें असूनहि आमच्या गांवच्या बहुतेक पदवीधरांनीं यांपैकीं एकाहि घराचा उंबरा ओलांडलेला नसतो. पदवीच्या कागदावर विद्यापीठाची मुद्रा असते. पण तें विद्यापीठ दिसतें कसें हें ज्याच्या हातांत तो कागद आहे त्याला ठाऊक नसतें.

मीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें या भागांत शिक्षकी केली. निकाल लागले कीं आईबाप ओट्यावर येऊन बसत आणि विचारीत, "गुरुजी, आतां पुढें कुठें?" पूर्वीं हा प्रश्न मुलापुरताच असे. आतां तो मुलीबद्दलहि विचारतात, ही आनंदाची गोष्ट आहे, मात्र मुलीबद्दल विचारतांना त्यांत एक शब्द जास्त असतो : "गुरुजी, आतां पुढें जवळ कुठें?" त्या 'जवळ' या एका शब्दासाठीं आजचें माझें भाषण आहे असें समजा.

गोदेच्या कांठाला विद्या नवी नाहीं. आमच्या वरच्या अंगाला पैठण आहे. समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब आमच्याच जिल्ह्यांत आहे. परंतु आधुनिक अर्थानें ज्याला विद्यापीठ म्हणावें तें आमच्या वाडवडिलांच्या काळीं हैदराबादेस होतें. १९१८ सालीं निघालेलें उस्मानिया विद्यापीठ हें एका दृष्टीनें मोठें धाडस होतें. इंग्रजी बाजूला ठेवून देशी भाषेंतून वैद्यक आणि विज्ञान शिकविण्याचा प्रयोग तेथें झाला, आणि त्याचें श्रेय त्या विद्यापीठाला दिलेंच पाहिजे. पण ती देशी भाषा उर्दू होती. अंबड तालुक्यांतल्या मराठी मुलाला घर सोडून जावें लागे आणि घरची भाषाहि सोडून जावें लागे. एवढीं दोन अंतरें तोडणारे फार थोडे निघाले, यांत नवल नाहीं.

१९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० सालीं, डॉ. आंबेडकरांनीं औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय या नांवानें प्रसिद्धीस आलें. ज्यांच्या घरांत अक्षर शिरलें नव्हतें अशा घरांतलीं मुलें खेड्यापाड्यांतून येऊन तेथें शिकूं लागलीं. त्याच वर्षीं नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनें पीपल्स कॉलेज निघालें. परंतु या महाविद्यालयांचे धागे अजून हैदराबादेसच बांधलेले होते. १९५६ च्या नोव्हेंबरांत मराठवाडा मुंबई राज्यांत आला, तेव्हां हा प्रश्न ऐरणीवर आला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें. मुंबई विद्यापीठाच्या कारभारांत मुरलेले श्री. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरु होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पांचहि जिल्ह्यांना मिळून तें एक विद्यापीठ होतें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. विद्यापीठ जवळ आलें म्हणजे तें सर्वांचें झालें, असें होत नाहीं. २७ जुलै १९७८ रोजीं राज्याच्या विधिमंडळानें या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यांतून दलितांचीं घरें जाळण्यांत आलीं, माणसें मारलीं गेलीं. ज्या पुरुषानें या भूमींत उच्च शिक्षणाचें दार उघडलें त्याचें नांव दारावर लावण्यास सोळा वर्षें लागलीं. १४ जानेवारी १९९४ रोजीं तें नांव लागलें. 'जवळ कुठें' या प्रश्नाचें उत्तर केवळ मैलांत देतां येत नाहीं, हें आम्ही या प्रकरणापासून शिकलों. निदान शिकावयास हवें होतें.

त्याच १९९४ सालीं आणखी एक मोठा बदल झाला. १७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा-मुक्तीच्या दिवशीं, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. नांदेड, परभणी आणि लातूर हे जिल्हे तिकडे गेले (हिंगोली पुढें परभणींतून निघाला). औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद इकडे राहिले. पूर्वेकडच्या विद्यार्थ्यांची पायपीट वांचली, नांदेडला स्वतःचे प्राध्यापक आणि स्वतःचें ग्रंथालय मिळालें. हा लाभ लहान नव्हे. पण महाराष्ट्राची ही रीतच पडून गेली आहे, याकडे मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे. ओझें जड झालें कीं आम्ही घर वाटून घेतों. १९९० मध्यें पुण्यापासून निघून जळगांवचें विद्यापीठ झालें. २००४ मध्यें सोलापूर या एका जिल्ह्याचें विद्यापीठ झालें. २०११ मध्यें नागपुरापासून गडचिरोलीचें गोंडवाना विद्यापीठ निघालें. शेतकऱ्याच्या घरांत भाऊ वेगळे झाले म्हणजे प्रत्येकाला आपली विहीर, आपली बैलजोडी, आपला गोठा लागतो. विद्यापीठाचेंहि तसेंच आहे. नवा कुलगुरु, नवा कुलसचिव, नवें परीक्षाभवन! शिकविणारा माणूस मात्र या सर्वांच्या शेवटीं येतो, आणि पुष्कळ वेळां तो तासिकेवरचा असतो.

याचें मूळ आमच्या विद्यापीठांच्या जन्मांतच आहे. १८५७ सालीं मुंबईस विद्यापीठ निघालें तें त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. महाविद्यालयांनीं शिकवावें, विद्यापीठानें परीक्षा घ्यावी, ही तेथली वांटणी. स्वतः शिकविण्याचें काम मुंबई विद्यापीठानें अंगावर घेतलें तें विसाव्या शतकांत. आजहि आमचीं बहुतेक सरकारी विद्यापीठें पोटाशीं शेकडों महाविद्यालयें बांधून चालतात. अंबडच्या वा गेवराईच्या महाविद्यालयांतील मुलाला विद्यापीठ भेटतें तें प्रश्नपत्रिकेच्या रूपानें आणि नंतर गुणपत्रिकेच्या रूपानें. मधल्या तीन वर्षांत तें त्याच्याशीं एक शब्दहि बोलत नाहीं.

आतां दुसरी रीत पाहूं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाचें विद्यापीठ १८६८ सालीं स्थापन झालें. त्याचें पहिलें ठाणें बर्कली. लोकसंख्या वाढली, दक्षिणेकडील लोकांनीं आपल्याकडेहि विद्यापीठ हवें म्हणून आग्रह धरला, तेव्हां १९१९ सालीं लॉस एंजेलिसला त्याच विद्यापीठाची दुसरी शाखा उभी राहिली. ती आज मूळ घराच्या बरोबरीनें मोठी आहे. असे करतां करतां त्या एका विद्यापीठाचे दहा परिसर झाले. सर्वांवर एक विश्वस्तमंडळ व एक अध्यक्ष. पण प्रत्येक परिसराला स्वतःचा प्रमुख, स्वतःचे प्राध्यापक, स्वतःच्या प्रयोगशाळा. लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्याला कोणी 'उपकेंद्राचा विद्यार्थी' म्हणत नाहीं. १९६० सालीं त्या संस्थानानें एक आराखडा केला : शाळेंतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकीं वरच्या अष्टमांशाला या विद्यापीठांत जागा, वरच्या तृतीयांशाला संस्थानाच्या दुसऱ्या महाविद्यालय-समूहांत जागा, आणि बाकीच्या सर्वांना गांवोगांवच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत प्रवेश, तेथून चांगलें शिकून वर चढण्याची वाट मोकळी. पुढें तेथेंहि शुल्क चढत गेलें आणि गरिबांना तें जड झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. दूरचे डोंगर साजरे दिसतात तेवढ्यावर जाऊं नये.

मला त्या दहांपैकीं दोन परिसर विशेष मनांत भरतात, आणि त्यांचें कारण अगदीं शहागडी आहे. पहिला रिव्हरसाइड. तेथें संत्र्यांच्या बागा होत्या. बागाईतदारांना झाडांच्या रोगांचा उपद्रव होऊं लागला, म्हणून १९०७ सालीं विद्यापीठानें तेथें लिंबूवर्गीय फळांचें संशोधनकेंद्र काढलें. त्या केंद्राभोंवतीं पुढें, १९५४ सालीं, महाविद्यालय उघडलें, आणि १९५९ मध्यें तो पूर्ण परिसर म्हणून मान्य झाला. म्हणजे आधीं झाड, मग प्रयोगशाळा, मग वर्ग, मग विद्यापीठ! दुसरा परिसर मर्सेड. शेतीच्या सखल खोऱ्यांतलें हें गांव. पुष्कळ मजूर कुटुंबें. विद्यापीठांत जाण्याचें प्रमाण कमी. म्हणूनच २००५ सालीं दहावा परिसर तेथें उघडला. जेथें मुलें कमी येतात तेथेंच दार उघडावें, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. आमच्याकडे बहुधा उलट हिशेब होतो : मुलें कमी आहेत, म्हणून तुकडी बंद!

जालन्याची मोसंबी आपण खाल्ली असेल. १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या जायकवाडीच्या धरणाचा डावा कालवा आमच्या भागांतून जातो. त्याच्या पाण्यावर ऊंस आहे, आणि विहिरींच्या भरंवशावर ठिकठिकाणीं मोसंबीच्या बागा आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळांत त्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. दहा-दहा वर्षांचीं झाडें शेतकऱ्यांनीं टँकरच्या पाण्यावर जगविलीं, आणि शेवटीं कुऱ्हाड लावून सरपण केलें. त्या वेळीं एक बागाईतदार मला म्हणाला, "गुरुजी, माझा पोरगा बी. एस्सी. झाला, वनस्पतिशास्त्र घेऊन. पण कोणतें झाड सोडावें आणि कोणतें जगवावें, हें त्याला सांगतां येईना." मुलाचा दोष नव्हता. त्यानें मोसंबीचें पान पुस्तकांत पाहिलें होतें. बापाच्या बागेंत येऊन पान तोडणारा प्राध्यापक त्याला भेटला नव्हता.

असा प्राध्यापक आमच्या जिल्ह्यांत नाहींच असें मात्र नव्हे. परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ सालीं निघालें. त्याचें कडधान्यांचें संशोधनकेंद्र जालन्याजवळ बदनापूरला आहे. तेथें निघालेल्या तुरीच्या वाणांच्या नांवांआधीं 'बीडीएन' हीं अक्षरें असतात. तीं बदनापूरचीं आहेत, हें ती तूर पेरणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांना ठाऊक नसतें. विद्यापीठाचें नांव न घेतांहि विद्यापीठ शेतांत पोहोंचलें, याचें हें उदाहरण. याच जिल्ह्यांत श्री. बद्रिनारायण बारवाले यांनीं दिल्लीच्या पुसा संस्थेंतून निघालेल्या भेंडीच्या वाणापासून बियाण्यांचा उद्योग उभारला, आणि १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याच्या मातींत विद्या रुजते, याला आणखी कोणता पुरावा पाहिजे?

अलीकडे, २०१८ सालीं, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेनें जालन्यास आपला मराठवाडा परिसर उघडला. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून जन्मलेली ही संस्था. तिनें माटुंग्याहून निघून जालन्यास यावें, ही मोठी घटना आहे. स्त्रियांसाठीं महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं काढलेलें विद्यापीठहि चर्चगेट, जुहू आणि पुणें अशा तीन ठिकाणीं नांदतें. तेव्हां एका विद्यापीठाला अनेक घरें असणें ही गोष्ट आमच्या राज्याला अनोळखी नाहीं. प्रश्न घरांच्या संख्येचा नाहीं. त्या घरांत चूल पेटते कीं नुसतें कुलूप असतें, हा आहे.

उपपरिसर म्हणजे काय, याबद्दल आमच्याकडे पुष्कळ घोटाळा आहे. नांदेडच्या विद्यापीठानें लातूरला उपपरिसर केला. मुंबईचा रत्नागिरीस आहे. आमच्या विद्यापीठाचा धाराशिवला. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानें उपपरिसराला संचालकाचें पद दिलें, ही चांगली गोष्ट झाली. परंतु पद मिळालें म्हणजे अधिकार मिळाला असें होत नाहीं. नव्या विषयाचा वर्ग उघडावयाचा, एका प्राध्यापकाची जागा भरावयाची, प्रयोगशाळेला एक यंत्र घ्यावयाचें, या सर्वांसाठीं कागद जर मुख्य परिसराकडे आणि तेथून मुंबईच्या मंत्रालयाकडे जाणार असेल, तर उपपरिसर हा परिसर न राहतां टपालाची पेटी होतो. मग त्या भागांतले लोक चिडून म्हणतात, आम्हांला वेगळें विद्यापीठच द्या. अशी मागणी ऐकली कीं मला ती चूक वाटत नाहीं, पण तिच्यांतलें दुःख दुसरेंच असतें असें वाटतें. सख्ख्या घरांत सावत्रपणानें वागविलें म्हणजे मुलगा वेगळें घर मागतो.

माझें मत विचाराल तर तें असें आहे. आमच्या चार जिल्ह्यांच्या विद्यापीठाला वांटणी नको. त्यानें धाराशिवला दिलें आहे तें भरघोस द्यावें; बीडला आणि जालन्याला त्या त्या भूमीचे विषय घेऊन परिसर उभे करावेत. बीडहून दरवर्षीं ऊंसतोडीला जाणाऱ्या लाखो माणसांचा अभ्यास बीडमध्यें व्हावा. कालव्याचें पाणी, क्षारपड होणारी जमीन आणि फळबागा यांचा अभ्यास कृषि विद्यापीठाला सोबत घेऊन गोदाकांठीं व्हावा. घनसावंगीला या विद्यापीठानें स्वतःचें आदर्श महाविद्यालय चालविलें आहे. म्हणजे तालुक्याच्या गांवांत विद्यापीठाला येतां येतें, हें सिद्ध झालें आहे. आणि प्रत्येक ठिकाणीं इमारतीच्या आधीं दोन गोष्टी असाव्यात : कायमचे शिक्षक, आणि मुलींचें वसतिगृह. इमारतीचें उद्घाटन करण्यास पाहुणे मिळतात, म्हणून ती आधीं होते. वसतिगृहाच्या मोरीला पाणी येतें कीं नाहीं, हें पाहण्यास कोणी हार घेऊन येत नाहीं.

वेळ संपत आली, तरी एक प्रसंग सांगतों. मागच्या पावसाळ्यांत गांवांतली एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. पदवी झाली होती, गुण चांगले होते, पुढें एम. एस्सी. करावयाची होती. तिनें विचारलें, "गुरुजी, नांदेडला जाऊं कीं धाराशिवला?" मीं सांगितलें कीं धाराशिव हें आपल्याच विद्यापीठाचें आहे, नांदेडला जावयाचें तर विद्यापीठ बदलतें, त्यासाठीं स्थलांतराचें प्रमाणपत्र काढावें लागेल. ती हसली आणि म्हणाली, "गोदावरी तर इथूनच नांदेडला जाते, गुरुजी. तिला कुठें प्रमाणपत्र लागतें?" मला पटकन उत्तर सुचलें नाहीं.

आई इतका वेळ गप्प होती. तिला विद्यापीठांच्या सीमांशीं कर्तव्य नव्हतें. तिनें विचारलें, "गुरुजी, दोन्हींपैकीं मुलींचं वसतिगृह कुठलं बरं आहे? आणि तिथं जागा मिळंल का?" मीं म्हणालों, चौकशी करून सांगतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं दोन्ही ठिकाणीं फोन लावला. एका ठिकाणीं घंटी वाजत राहिली. दुसऱ्या ठिकाणच्या कारकुनानें सांगितलें कीं यादी लागावयाची आहे, आठ दिवसांनीं विचारा. मीं तो नंबर एका चिठ्ठीवर लिहून तिच्या घरीं पाठविला.